नेव्हिल ट्रेगिअरचा सात-सात

वेरीगम गावच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या नेव्हिल ट्रेगिअरइतका अडाणी माणूस आमच्या फुटबॉलच्या मैदानावर दुसरा नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही पुरतं ठाऊक होतं. वर्गात तो पोरांना बजावून सांगायचा, की नाण्याला आठवण नसते, मागच्या खेपेला आपण कसे पडलो हे त्याच्या गावीही नसतं. आणि शनिवारी दुपारी हाच माणूस कॅन्टीनच्या खिडकीतून मान आत घालून, गरम कपाटात किती मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेले पॅटिस, उरलेत ते मोजायचा. मध्यंतराच्या आत मीट-पाय संपले की वेरीगमचा संघ हरत नाही, हा त्याचाच शोध. संघ फॉर्मात असला की गर्दी होते आणि गर्दी झाली की मीट-पाय संपतात, एवढं साधं त्यामागचं कारण. हे उदाहरण तो नववीला शिकवायचासुद्धा. तरी एकदा संघ पिछाडीवर पडलेला पाहून त्याने कपाटातले उरलेले सगळे मीट-पाय स्वतः विकत घेतले. सामना हरायचा तो हरलाच, आणि डोरीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, पुढचा आठवडाभर रात्रीच्या जेवणाला दुसरं काही केलं नाही.

असे त्याचे शोध पुष्कळ होते. क्लबच्या शनिवारच्या पत्रकात मागच्या पानावर त्याला एक चौकोन दिला होता. त्यात तो लिहायचा, की शेजारच्या टालबूल गावाशी सामना असला की आमच्या बायकांच्या संघातल्या मॅकी बहिणींपैकी एकीचं तरी बोट मोडतं, आणि तेही डाव्याच हाताचं. एकदा पुरुषांच्या संघात सहा जण एकाच आठवड्यात जन्मलेले निघाले. ‘लाखात एक!’ म्हणून नेव्हिलने त्यावर दोन चौकोन खर्ची घातले. मग डोरीनने आठवण करून दिली, की त्याच्या नऊ महिने आधी वादळात गावाची वीज आठवडाभर गेली होती. तिसरा चौकोन त्याने हवामानावर लिहिला.

पण या सगळ्यात त्याचा जीव अडकला होता तो सात-सातमध्ये. आमचा फुटबॉल जरा निराळा, त्यात प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला, किंवा मधल्या खांबाला नुसता चाटून गेला, तर बिहाइंड, एक गुण. चुकल्याचंही बक्षीस देणारा दुसरा खेळ असेल तर आम्हाला माहीत नाही. स्कोअर सांगताना आधी गोल, मग बिहाइंड, मग एकूण गुण असे तीन आकडे सांगतात. आता समजा, गोल आणि बिहाइंड यांचा नुसता गुणाकार केला आणि तोच एकूण गुणांचा आकडा आला, तर? दोन गोल आणि बारा बिहाइंड, चोवीस गुण, आणि बारा दुणेही चोवीसच. तसेच तीन-नऊ सत्तावीस, चार-आठ बत्तीस, आणि सात-सात एकोणपन्नास. बस, एवढेच. शून्य-शून्य धरला तर आणखी एक, पण तो काही स्कोअर नव्हे, असं नेव्हिल स्वतःच नाक मुरडून म्हणायचा.

यातले तीन त्याने वेरीगमच्या फलकावर सामना संपताना पाहिले होते. दोन-बारा तर गारपिटीत, जेव्हा खेळणाऱ्यांना खांबच दिसत नव्हते. राहिला होता फक्त सात-सात. त्यात नेव्हिलचा जन्म एकोणपन्नास सालचा, तोही जुलैतला, आणि घराचा नंबर सात. डोरीन म्हणायची, “लग्नाला सात तारीख धरून बसलास, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.”

त्या सप्टेंबरात बायकांच्या लीगची फायनल वेरीगमच्याच मैदानावर आली. आपला संघ टालबूलविरुद्ध, आणि आपल्या संघाची कॅप्टन नेव्हिलची मुलगी कर्स्टन. सायलोच्या उंच कोठारांवर धान्याचे ट्रक तोलणारी, छत्तिशीची, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. हा तिचा शेवटचा सामना. वेरीगमच्या बायकांनी कप कधी जिंकला नव्हता, आणि तो जिंकल्याशिवाय बूट काढायचे नाहीत म्हणून तिने दोन वर्षं डॉक्टरचं ऐकलं नव्हतं.

बायकांच्या सामन्यांना गोल अंपायर क्लबांनीच द्यायचे, एका टोकाला आपला, दुसऱ्या टोकाला त्यांचा. आपला म्हणजे नेव्हिल. पांढरा लांब कोट, कागदाचं कार्ड, पेन्सिल आणि दोन झेंडे. गोल झाला तर दोन्ही झेंडे हलवायचे, बिहाइंड झाला तर एक. फायनलच्या आदल्या दिवशी त्याने आपल्या टोकाचे खांबही हौसेने स्वतःच रंगवले.

“या थंडीत तो रंग वाळायचा नाही,” डोरीन म्हणाली होती.

“डब्यावर लिहिलंय, रात्रीत वाळतो.”

“डबेवाल्याने वेरीगमची रात्र पाहिलेली नाही.”

सामना अटीतटीचा झाला. मैदानाभोवती नाकं आत करून उभ्या केलेल्या गाड्यांमधून आळीपाळीने हॉर्न वाजत होते. आपल्यांचा गोल झाला की अलीकडून, त्यांचा झाला की पलीकडून. शेवटच्या काही मिनिटांत टालबूलचे पन्नास गुण होते. नेव्हिलने आपलं कार्ड पाहिलं. सात गोल, सहा बिहाइंड. अठ्ठेचाळीस.

जिंकायला एक गोल हवा होता हे बरोबर, पण त्याच्या मनात पहिला विचार आला तो गोलचा नव्हता. ‘एक बिहाइंड’ असा आला. त्याने स्वतःला मनातल्या मनात चांगलं फैलावर घेतलं. अरे गाढवा, एका बिहाइंडने तुझी पोर एका गुणाने हरते. कळतंय का तुला? कळत होतं. सात सत्ते एकोणपन्नास हेही कळत होतं.

आणि मग कर्स्टनने, दोघींच्या खांद्यांवरून उडी घेऊन, चेंडू हवेतच स्वच्छ झेलला. असा झेल घेतला की शांतपणे, कुणी अंगावर न येता, लाथ मारायचा हक्क मिळतो. तेवढ्यात सायरन झाला. खेळ संपला, पण तिची लाथ बाकी होती. गोल गेला तर कप आपला.

ती जागा जरा तिरकी होती. तिने मोजे वर ओढले, गुडघा चोळला, खांबांकडे पाहिलं आणि धावत आली. चेंडू उंच उठला, आतल्या बाजूने सरळ येतोय असं वाटलं, आणि अगदी शेवटी डाव्या खांबाकडे वळला. नेव्हिल खांबाच्या बुंध्याला बांधलेल्या गादीला पाठ लावून, मान मोडेस्तोवर वर बघत होता. चेंडू त्या गादीच्या बराच वरून, आतून गेला. आणि जाताना आवाज आला.

टक्.

अगदी हलका. मैदानावरच्या अंपायरने हात वर करून विचारलं, “सगळं ठीक, नेव्ह?” म्हणजे आता निर्णय तुझा. अलीकडच्या गाड्यांमधल्या लोकांनी हॉर्नवर तळवे ठेवलेले होते. नेव्हिलने एक बोट वर केलं. मग कोटाच्या बाह्या सरळ करून एक झेंडा उचलला आणि नीट, नियमात सांगितलाय तसा, हलवला. पलीकडचे हॉर्न असे सुटले की बाभळीवरचे गुलाबी काकाकुवे सगळे एकदम उडाले. अलीकडे कुणी दारसुद्धा आपटलं नाही.

त्याने कार्डावर सातव्या बिहाइंडची रेघ ओढली. वर पाहिलं तेव्हा कर्स्टन तिथेच उभी होती. तिच्या सख्या चिखलात बसून रडत होत्या. तिची नजर ना चेंडूवर होती, ना फलकावर. ती बापाकडे बघत होती. मग ती त्याच्या अंगावरून गेली, कुंपणापाशी पडलेला चेंडू उचलला, आणि निघून गेली.

क्लबहाउसमध्ये सॉसेज भाजणारा क्लेम हॉस्किंग तेवढा बोलला. “काय नेव्ह, मिळाला ना सात-सात? आता फ्रेम कर आणि हॉलमध्ये लाव. कपासाठी घासून ठेवलेली जागा मोकळीच आहे.”

“चेंडू खांबाला लागला, क्लेम.”

“तो तुझ्या डोक्याला लागलाय, तोही कधीपासून.”

लोक हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, की आपल्या पोरीचा गोल खाणारा बाप पहिल्यांदाच पाहिला. नेव्हिलला तोंड लपवायला जागा उरली नाही. तो ब्रेडमधलं सॉसेज हातात तसंच धरून घरी आला.

सगळ्यात वाईट हे, की त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. माणसाला जे हवं असतं तेच त्याला दिसतं आणि ऐकू येतं, हे त्याने किती वर्षं फळ्यावर लिहिलं होतं! तो टक् खांबाचा होता, की कुणाच्या गाडीच्या दाराचा? की कुठेच नव्हता, नुसता त्याच्या हावऱ्या टाळक्यात होता? तसं असेल तर त्याने एका आकड्यासाठी पोटच्या पोरीचा कप घालवला होता.

“मला हवा होता म्हणून तर आवाज आला नसेल?” त्याने डोरीनला विचारलं.

“तुला जन्मभर हवं होतं की मी गप्प बसावं,” डोरीन म्हणाली. “झाला का कधी भास, मी गप्प बसल्याचा?”

हा युक्तिवाद गणिताच्या दृष्टीने कच्चा होता, पण तेवढ्यावर त्याला थोडी झोप लागली.

रविवारी सकाळी न्याहारी न करताच तो शिडी घेऊन मैदानावर गेला. मैदानात लाल मातीचा चिखल, चेंडू लाल मातीने माखलेला, खांब पांढरा. लागला असेल तर डाग पडलेला असणारच. शिडी खांबाला टेकवून, तो वर चढला आणि पाहतो तर काय, डागच डाग! सामन्याआधी दोन्ही संघांच्या पोरींनी सराव करताना याच खांबावर नेम धरले होते. वर काकाकुव्यांनी पंजांनी नक्षी काढून ठेवली होती. यातला त्या एका चेंडूचा डाग कुठला, हे कुणीही सांगू शकलं नसतं. नेव्हिलने तरी खांबाला नाक लावून एकेक डाग तपासला. अशा पुराव्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या पोराला त्याने भोपळा दिला असता.

“बाबा, खाली ये. पडशील आणि मग तेही माझ्या डोक्यावर.”

खाली कर्स्टन उभी होती. काखेत चेंडू होता. नेव्हिल कसाबसा उतरला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

“काय शोधत होतास?”

“डाग. खरंच लागला होता का ते...” त्याने खांबाकडे बोट दाखवलं. “कर्स्टन, मला आवाज आला गं. शपथेवर सांगतो, आला. पण आता मला वाटतं, मला तो यायलाच हवा होता. मी तुझा गोल खाल्ला असेन तर मी...”

“बाबा, तुझ्या नाकाला काय लागलंय?”

त्याने नाकाला हात लावला. बोटं पांढरी झाली. कोपरावर, छातीवर, सगळीकडे पांढरं.

“रंग,” तो म्हणाला. “वाळला नाही अजून. तुझी आई म्हणालीच होती.”

एवढं बोलूनही गणिताच्या मास्तराच्या डोक्यात उजेड पडला नाही. कर्स्टन वाट बघत राहिली. शेवटी तिनेच चेंडू फिरवून त्याच्या नाकासमोर धरला. लाल चिखलावर, शिवणीच्या जरा बाजूला, बोटभर लांबीचा पांढरा स्वच्छ पट्टा होता.

नेव्हिलने मान वाकडी करून तो पट्टा जवळून पाहिला.

“हा सामन्याला काढलेला नवा चेंडू,” ती म्हणाली. “सरावाला नव्हता. आणि खेळात एरवी कुणी खांबाला मारला नाही, मी दिवसभर तिथेच होते. लागला होता, बाबा. काल उचलला तेव्हाच पाहिलं मी.”

नेव्हिल शिडीच्या खालच्या पायरीवर बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला गेला तर गालांनाही रंग लागला.

“मग काल का नाही बोललीस? अख्खं गाव माझ्या तोंडात शेण घालत होतं.”

“कारण मी चिडले होते.”

“पण निर्णय बरोबर होता ना?”

“निर्णयाबद्दल कोण बोलतंय?” कर्स्टनचा आवाज चढला. “चुकले मी. माझीच लाथ वळली. ते मला त्याच वेळी कळलं होतं. मी तुझ्याकडे कशासाठी पाहिलं, माहितेय? लहानपणी पडले की बघायचे तसं. आणि तू हसत होतास.”

“मी?”

“झेंडा हलवताना. बत्तीशी दाखवून नाही, ते तरी परवडलं असतं. ते तुझं छोटंसं हसू, कोडं सुटल्यावरचं. माझा शेवटचा सामना, बाबा. मी तिथे उभी आणि तू हसतोयस.”

नेव्हिलने ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. पण तो खोटं बोलण्यात पहिल्यापासून कच्चा होता. झेंडा हातात असताना डोक्यात सात सत्ते एकोणपन्नास वाजलं होतं, आणि ते कुठूनतरी चेहऱ्यावर गळालं असणार. निर्णयासाठी त्याच्याकडे पुरावा होता. हसण्यासाठी काहीच नव्हतं.

“मला कळलंसुद्धा नाही,” तो म्हणाला.

“तेच तर. चल, ऊठ.”

तिने त्याला दंडाला धरून ओढत नेलं, काल ती जिथून लाथ मारायला धावली तिथे. तिच्या बुटांच्या खुणा अजून चिखलात होत्या. चेंडू त्याच्या हातात कोंबला, त्याच्या खांद्यावरचं जाकीट काढून अंपायरच्या कोटासारखं स्वतः अंगात घातलं आणि जाऊन दोन खांबांच्या मधोमध उभी राहिली.

“मार!”

“कर्स्टन, सत्तर वर्षांचा आहे मी.”

“मी दोन लोखंडी गुडघ्यांनी मारली. मार म्हणते ना!”

तिथून खांब भलतेच जवळजवळ दिसत होते. नेव्हिलने आयुष्यभर ते खांबांखालून पाहिले होते, आणि तिथून ही फट रस्त्याएवढी रुंद वाटायची. काल या फटीसमोर, सगळ्या गावाच्या देखत, पोर एकटी उभी होती. त्याने चार पावलं धाव घेतली, चेंडू सोडला, आणि लाथ अर्धी चेंडूला आणि अर्धी जमिनीला बसली. तो सपशेल पाठीवर आपटला. चेंडू थोडासा उडाला, लंगडत दोन टप्पे गेला आणि चिखलात रुतून बसला. खांबांपर्यंत अर्धं अंतरही त्याने कापलं नव्हतं.

नेव्हिलने मान उचलून मुलीकडे पाहिलं. लहान पोर पडल्यावर बघतं, अगदी तसंच.

कर्स्टन ताठ उभी होती. आणि ती हसली. छोटंसं, ओठांच्या एकाच कोपऱ्यातून, त्याच्याकडे न बघता, जणू तो तिथे नाहीच. त्याचंच हसू होतं ते, हुबेहूब. चिखलात उताणा पडल्या पडल्या नेव्हिलला ते इतकं खोल लागलं की पाठीचं दुखणंही तो विसरला.

“दिसलं?” ती ओरडली.

“दिसलं,” तो म्हणाला. “बाई गं, वाईट दिसतं. चुकलो मी.”

ती चालत आली, त्याच्या शेजारी चिखलात बसली आणि बाहीने त्याच्या गालावरचा रंग पुसू लागली. तो पुसला जाण्याऐवजी पसरत होता.

“हा चेंडू दुपारी क्लेमच्या तोंडासमोर धरते,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर माफी मागायला लावते त्याला.”

“नको. राहू दे.”

“का? तू बरोबर होतास.”

“फक्त गणितात,” नेव्हिल म्हणाला. “क्लेम बोलला ते अगदीच खोटं नव्हतं. या शनिवारचा चौकोनही कोराच जाऊ दे.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. या माणसाने सात-सातवर पाणी सोडलं, याचा अर्थ तिला डोरीनइतकाच कळत होता. तिने त्याचा हात हातात घेतला. काकाकुवे परत येऊन खांबावर बसले आणि ओला रंग पायांना लागल्यावर चरफडत उडाले.

“बरं, माझा स्कोअर काय झाला?” त्याने उठता उठता विचारलं.

“तुझा? गोल शून्य, बिहाइंड शून्य. एकूण शून्य. पोचला तरी का तो चेंडू?”

नेव्हिल चालता चालता थबकला. शून्य गोल. शून्य बिहाइंड. शून्य गुणिले शून्य...

त्याने घाईघाईने ओठ आत ओढले, जीभ दातांखाली धरली, मान दुसरीकडे वळवली आणि कुंपणाकडे फार लक्ष देऊन बघू लागला.

“बाबा,” मागून कर्स्टन म्हणाली, “इकडे बघ.”

“काही नाही गं.”

“बाबा, आत्ताच्या आत्ता इकडे बघ!”

तो वळला. पांढरं नाक, पांढरे गाल, आणि मध्ये ते काही केल्या आवरत नसलेलं हसू. कर्स्टनने ओला चेंडू त्याच्या पोटात हाणला, आणि मग ती स्वतःच, गुडघे धरून, हसत सुटली.